सतरा वेळा ओमाहा, एकदाही विजेतेपद नाही: माइक मार्टिन यांच्या कारकिर्दीचं मोजमाप

आधी दोन वाक्यं वाचा.

पहिलं: माइक मार्टिन यांनी फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल संघाचे हेड कोच म्हणून १९८० ते २०१९ या चाळीस हंगामांत २,०२९ सामने जिंकले. ते निवृत्त झाले तेव्हा अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, म्हणजे एनसीएए डिव्हिजन वनमध्ये, एवढे विजय दुसऱ्या कुणाच्याही नावावर नव्हते.

दुसरं: या चाळीस वर्षांत ते १७ वेळा आपला संघ शेवटच्या आठांत घेऊन गेले आणि सतराही वेळा विजेतेपदाशिवाय परत आले.

दोन्ही वाक्यं खरी आहेत, दोन्ही एकाच माणसाबद्दल आहेत. तरीही पहिलं वाचून तुमच्या मनात एक माणूस उभा राहतो आणि दुसरं वाचून वेगळाच. मार्टिन २०२४च्या फेब्रुवारीत वारले. त्यांच्याबद्दल जे काही लिहिलं गेलं, त्यातल्या बहुतेक मजकुराचा सांगाडा हाच: अफाट विजय, 'पण' शेवटचा घास हुकला. या लेखात मला त्या 'पण'ची तपासणी करायची आहे. तो 'पण' पुराव्यातून आलाय की आपल्या गोष्ट रचायच्या सवयीतून?

तुम्ही संशोधनाच्या वाटेवर असाल तर हा प्रश्न तुमचाही आहे. कुणाच्या कामाचं मोजमाप कसं करायचं, कुठला आकडा धरायचा, एका निकालावरून केवढा मोठा निष्कर्ष काढायचा, हे पुढची पाच-सहा वर्षं तुम्हाला रोज करायचं आहे.

बेसबॉल येत नसलं तरी चालेल

नियम नाही, फक्त स्पर्धेची रचना समजून घ्या. डिव्हिजन वनमध्ये सुमारे तीनशे कॉलेजांचे संघ आहेत. फेब्रुवारीपासून नेहमीचा हंगाम चालतो, आता त्यात जास्तीत जास्त ५६ सामने असतात. त्यानंतर निवडक संघांची राष्ट्रीय स्पर्धा. १९९९पासून या स्पर्धेत ६४ संघ असतात. चार-चार संघांचे सोळा गट, त्यांना रीजनल म्हणतात. त्यातून सोळा विजेते. मग त्यांच्या आठ जोड्या, प्रत्येक जोडीत तीनपैकी दोन सामने जिंकणारा पुढे. ही सुपर रीजनल. उरलेले आठ संघ नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात जातात. तिथे १९५०पासून कॉलेज वर्ल्ड सिरीज होते. आठांचे दोन गट पडतात, दोन पराभव झाले की संघ घरी. शेवटी दोन गटविजेत्यांमध्ये तीन सामन्यांची अंतिम लढत. ही पद्धत २००३पासूनची.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे. बेसबॉलमध्ये एका सामन्यात योगायोगाचा वाटा फार मोठा असतो. व्यावसायिक मेजर लीगमध्ये १६२ सामन्यांच्या हंगामात १०० जिंकणारा संघ उत्तम समजला जातो. म्हणजे उत्तम संघसुद्धा शंभरातले साधारण अडतीस सामने हरतो. कबड्डीत तगडा संघ कमकुवत संघाला बहुतेक वेळा हरवतोच; बेसबॉलमध्ये तसं गृहीत धरता येत नाही. पिचरचा एक वाईट दिवस, फळीवरून चुकीच्या जागी उडालेला एक चेंडू, आणि सामना गेला.

आरोप नेमका काय आहे?

'मार्टिन यांना मोठे सामने जिंकता येत नव्हते.' ऐकायला हे साधं विधान आहे. पण शोधनिबंधाच्या पहिल्या मसुद्यात कुणी असं वाक्य लिहिलं तर गाइड पहिला प्रश्न विचारतील: 'मोठा सामना' म्हणजे काय?

ओमाहाला पोचण्यासाठी आधी रीजनल जिंकावी लागते आणि १९९९नंतर सुपर रीजनलही. त्या बाद फेऱ्याच आहेत. तिथे हरलं की हंगाम संपला. मार्टिन यांच्या संघांनी चाळीसपैकी १७ हंगामांत हा अडथळा ओलांडला, म्हणजे ४२.५ टक्के. तुलनेसाठी हे बघा: ६४ संघ सारख्याच ताकदीचे असते, तर प्रत्येकाची ओमाहाला जाण्याची संधी आठात एक, म्हणजे १२.५ टक्के असती. या हिशेबानं चाळीस हंगामांत पाच वेळा जाणं ही सरासरी झाली. मार्टिन त्याच्या तिपटीहून जास्त वेळा गेले.

त्यांचा शेवटचा हंगाम बघा. २०१९मध्ये संघ डळमळीत होता, स्पर्धेत जागा मिळेल की नाही अशीच स्थिती होती. जागा मिळाली ती जॉर्जियाच्या अथेन्समध्ये, दुसऱ्याच्या मैदानावर. ती रीजनल जिंकली. मग लुइझियाना स्टेटच्या घरच्या मैदानावर जाऊन सुपर रीजनल सलग दोन सामन्यांत जिंकली. ओमाहात पहिल्या सामन्यात अर्कान्सासला १-०नं हरवलं. नंतर मिशिगनकडून ०-२ आणि टेक्सास टेककडून १-४ असा पराभव झाला आणि कारकीर्द संपली. ज्या संघानं बाहेरच्या मैदानांवर, बाद फेऱ्यांत पाच सामने जिंकले, त्याच्या कोचला मोठे सामने जिंकता येत नाहीत?

म्हणजे आरोप टिकवायचा तर 'मोठा सामना' याची व्याख्या फक्त 'ओमाहातले सामने' अशी आवळावी लागते. आणि ती आवळली जाते ती निकाल बघितल्यानंतर. निकाल आधी, व्याख्या मागून: संशोधनात या सवयीनं भल्याभल्यांचे पेपर बुडवलेत. कुठला परिणाम मोजायचा हे डेटा उघडण्याआधी ठरवा असं जे तुम्हाला सतत सांगितलं जातं, ते यासाठीच.

आता गणित करू

ठीक आहे, आरोप करणाऱ्याला सवलत देऊ. फक्त ओमाहा धरू. नल हायपोथिसिस अशी: ओमाहात आलेले आठही संघ सारखे, प्रत्येकाची विजेतेपदाची शक्यता १/८. मग १७ वेळा जाऊन एकदाही न जिंकण्याची शक्यता किती?

(७/८) चा सतरावा घात. कॅल्क्युलेटरवर करून बघा: ०.१०३. म्हणजे सुमारे १० टक्के. ज्या ५ टक्क्यांच्या रेषेला आपण सगळे नको तेवढं घाबरतो, ती रेषासुद्धा इथे ओलांडली जात नाही. चाळीस वर्षांचा 'शाप', आणि पी-व्हॅल्यू ०.१०.

इथे हुशार वाचक हात वर करेल: 'पण फ्लोरिडा स्टेट हा काही सरासरी संघ नव्हता! त्यातल्या अनेक वर्षी ते देशातल्या वरच्या मानांकित संघांत होते. त्यांची संधी १/८पेक्षा जास्त धरायला हवी.' अगदी बरोबर. धरू या.

१/६ धरली तर सतरा वेळा कोरं परतण्याची शक्यता ४.५ टक्के होते. १/५ धरली तर २.३ टक्के. १/४ धरली तर पाऊण टक्का.

बघितलंत काय झालं? डेटा तोच, सतरापैकी शून्य. फक्त नल मॉडेलमधला एक आकडा हलवला आणि निष्कर्ष 'काहीच विशेष नाही' पासून 'नक्कीच काहीतरी गडबड आहे' पर्यंत गेला. म्हणून कुणी तुमच्यासमोर नुसती पी-व्हॅल्यू फेकली तर आधी विचारा, कुठल्या मॉडेलखाली?

मग यातला योग्य आकडा कुठला? एका सामन्यापासून सुरुवात करू. समजा ओमाहात प्रत्येक सामना जिंकण्याची संघाची शक्यता प आहे. आजच्या रचनेत, आधी चार संघांचा दोन-पराभवांचा गट आणि मग तीन सामन्यांची अंतिम लढत, याचे सगळे मार्ग मोजले तर प = ०.५० ला विजेतेपदाची शक्यता बरोबर १/८ येते. प = ०.५५ ला १८.६ टक्के. प = ०.६० ला २६ टक्के. (हे कागदावर सुटतं. पायथॉनमध्ये दहा-बारा ओळींचं सिम्युलेशन करूनही पडताळता येतं. कराच, कारण असे हिशेब स्वतः केल्याशिवाय अंगात मुरत नाहीत. मार्टिन यांच्या काळात रचना दोन-तीनदा बदलली, त्यामुळे हा अंदाज आहे हेही ध्यानात ठेवा.)

मार्टिन यांचं कारकिर्दीतलं यश ७३ टक्के: २,०२९ विजय, ७३६ पराभव, ४ बरोबरी. पण ते सगळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध, दुबळ्या संघांसकट. ओमाहात दुबळा संघ नसतोच. देशातल्या सर्वोत्तम सात संघांविरुद्ध दर सामन्याला ५५ टक्के हाही खूप चांगला अंदाज झाला. तो धरला तर सतरा वेळा कोरं परतण्याची शक्यता ३ टक्के येते. कमी आहे, पण शाप म्हणण्याइतकी नाही.

आणि विजेतेपद किती जवळ आलं होतं? ते दोनदा उपविजेते होते. १९८६मध्ये शेवटचा सामना ॲरिझोनाविरुद्ध २-१० असा गेला, तिथे बोलण्यासारखं काही नाही. पण १९९९मध्ये मायामीविरुद्ध ५-६. एका धावेचा फरक. तो सामना उलटा गेला असता तर हा 'पण' जन्मालाच आला नसता. ज्या निष्कर्षाचा सगळा भार एका धावेवर आहे, त्याच्यावर माणसाच्या स्वभावाबद्दलचं विधान उभं करायचं नसतं.

दुसऱ्या टोकाचा माणूस

मार्टिन यांच्या आधी सर्वाधिक विजयांचा विक्रम ऑगी गॅरिडो यांच्या नावावर होता, १,९७५. मार्टिन यांनी तो मे २०१८मध्ये मोडला. गॅरिडो आधी कॅल स्टेट फुलर्टनला आणि नंतर टेक्सासला होते. ते १५ वेळा ओमाहाला गेले आणि पाच वेळा जिंकले: १९७९, १९८४, १९९५, २००२, २००५.

त्याच १/८च्या मॉडेलखाली पंधरापैकी पाच किंवा जास्त जिंकण्याची शक्यता सुमारे ३ टक्के. म्हणजे गॅरिडो यांचं यश मार्टिन यांच्या अपयशापेक्षा जास्त 'असाधारण' आहे. दोघांना समोरासमोर ठेवलं तर आकडा आणखी टोचतो: दोघांच्या मिळून ३२ फेऱ्या, पाच विजेतेपदं, आणि पाचही एकट्या गॅरिडो यांच्याकडे जाण्याची शक्यता दीड टक्का. मग गॅरिडो यांना ओमाहाचं गुपित कळलं होतं आणि मार्टिन यांना नाही, असं म्हणायचं का?

थांबा. ही जोडी मी निवडली कशी? एक माणूस खूप जिंकलेला, दुसरा अजिबात न जिंकलेला. म्हणजे टोकं बघूनच निवडली आणि मग विचारलं, 'यांच्यात फरक आहे का?' फरक निघणारच. आधी टोकं शोधायची आणि मग त्यांच्यावर चाचणी लावायची, तर पी-व्हॅल्यूला काही अर्थ उरत नाही.

याचा अंदाज घ्यायला एक काल्पनिक हिशेब करा. समजा वीस कोच आहेत, प्रत्येक जण १७ वेळा ओमाहाला गेला, आणि सगळे सारखेच चांगले आहेत, दर वेळी संधी १/८. तर यातला किमान एक जण कोरा राहण्याची शक्यता जवळपास ८९ टक्के आहे. सरासरी दोन जण कोरे राहतील. त्यातल्या एकावर कुणीतरी लेख लिहील, की याला दबाव झेपत नाही. आणि वरच्या टोकाला पाच-सहा वेळा जिंकलेला एखादा निघेल, त्याच्यावर नेतृत्वाची पुस्तकं येतील. दोघांमध्ये आपण ठरवल्याप्रमाणे काहीही फरक नव्हता.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाला वर्षानुवर्षं चिकटलेलं 'चोकर्स' हे लेबल आठवा. २०२५मध्ये लॉर्ड्सवर जागतिक कसोटी अजिंक्यपद जिंकल्यावर त्या शब्दाचं करायचं काय, हा प्रश्न पडला. एका सामन्यानं पुसलं जातं ते लेबल आधी कितपत पक्कं होतं?

आता उलट बाजू: २,०२९चं काय?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल मी मार्टिन यांची वकिली करतेय. तसं नाही. त्यांच्या चाहत्यांचा आवडता आकडाही तितकाच तपासायला हवा.

२,०२९ ही बेरीज आहे, दर नाही. बेरजेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: किती चांगलं केलं आणि किती वर्षं केलं. शिवाय तिसरी, दर वर्षी किती सामने खेळायला मिळाले. सदर्न कॅलिफोर्नियाचे रॉड डेडो १९४२ ते १९८६ असे पंचेचाळीस हंगाम कोच होते. त्यांचे विजय १,३३२, म्हणजे वर्षाला साधारण तीस. मार्टिन यांचे वर्षाला जवळपास एक्कावन्न. मग मार्टिन जवळपास पावणेदोन पटीनं चांगले का? मुळीच नाही. डेडो यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग अशा काळात गेला जेव्हा हंगामच लहान असायचा. आणि डेडो यांची राष्ट्रीय विजेतेपदं ११, त्यातलं पहिलं १९४८चं, सॅम बॅरी यांच्यासोबत सह-कोच असताना. विजयांच्या यादीत मार्टिन वर, विजेतेपदांच्या यादीत डेडो वर. काळ वेगळा, स्पर्धा वेगळी, सामन्यांची संख्या वेगळी. नॉर्मलाइझ न करता या याद्या शेजारी ठेवणं म्हणजे किलो आणि लिटरची बेरीज.

दुसरा लाडका आकडा: चाळीसच्या चाळीस हंगामांत किमान ४० विजय. सातत्याचं हे खरोखर थक्क करणारं उदाहरण आहे. पण 'चाळीस' ही रेषा निसर्गानं आखलेली नाही. शेवटच्या हंगामात संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला तेव्हा ३६ विजय होते. चाळिसावा विजय लुइझियाना स्टेटविरुद्धच्या सुपर रीजनलमध्ये आला. म्हणजे स्पर्धेत जागा मिळाली नसती तर ही मालिका ३९ हंगामांवर थांबली असती, आणि मार्टिन यांच्या कोचिंगची प्रत तसूभरही बदलली नसती. गोल आकड्यांच्या रेषांवर प्रेम करू नका. रेषेच्या अलीकडचा ३९ आणि पलीकडचा ४१ हे सख्खे भाऊ असतात.

कोच की कॉलेज?

सगळ्यात अवघड प्रश्न हा. निकालाचं श्रेय किंवा दोष कुणाचा?

मार्टिन १९८०मध्ये हेड कोच झाले ते ओसाड जमिनीवर नाही. त्याआधी पाच वर्षं ते तिथेच सहायक होते. त्यांच्या आधीच्या वर्षी डिक हाउझर कोच होते, जे पुढे मेजर लीगमध्ये गेले आणि १९८५मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. फ्लोरिडा स्टेट १९७०मध्ये उपविजेतं होतं. फ्लोरिडाचं हवामान वर्षभर खेळायला मोकळं, आणि राज्यात चांगले शाळकरी खेळाडू भरपूर.

आता खरा पुरावा. मार्टिन यांच्या कारकिर्दीत संघ एकाही वर्षी राष्ट्रीय स्पर्धेला चुकला नाही, चाळीसपैकी चाळीस. हा त्यांच्या नावावरचा विक्रम म्हणून सांगितला जातो. पण ही मालिका सुरू झाली १९७८ला, ते हेड कोच व्हायच्या दोन वर्षं आधी. आणि संपली त्यांच्या निवृत्तीनंतर: त्यांचे चिरंजीव माइक मार्टिन ज्युनियर कोच असताना २०२१ आणि २०२२लाही संघ स्पर्धेत होता (२०२०चा हंगाम कोविडमुळे अर्धवट बंद झाला). म्हणजे मालिका एका माणसापेक्षा मोठी होती.

तर मग सगळं श्रेय कॉलेजचं? तेही नाही. २०२२नंतर ज्युनियर यांना दूर करण्यात आलं आणि मार्टिन यांचेच जुने खेळाडू लिंक जॅरेट आले. २०२३मध्ये संघ २३ विजय आणि ३१ पराभव अशा अवस्थेत गेला, १९७७नंतर पहिल्यांदा स्पर्धेबाहेर. तेच मैदान, तेच हवामान, तेच राज्य. नुसत्या हवामानानं सामने जिंकले जात नाहीत हे तिथे दिसलं. आणि पुढच्याच वर्षी, २०२४ला, जॅरेट संघाला ओमाहाला घेऊन गेले. तिथे टेनेसीनं दोनदा हरवून बाहेर काढलं, आणि तेच टेनेसी पुढे विजेतं झालं.

आता हे धरून शून्याकडे पुन्हा बघा. २०२४पर्यंत फ्लोरिडा स्टेट एकूण २४ वेळा ओमाहाला गेलं होतं, विजेतेपद शून्य. त्यातल्या सात वेळा मार्टिन हेड कोच नव्हते. तेही शून्यच. 'बघा, दोष मार्टिन यांचा नव्हताच' असं म्हणायचा मोह होतो. पण घाई नको: सात वेळा जाऊन कोरं परतण्याची शक्यता १/८च्या हिशेबानं ३९ टक्के आहे. सात निरीक्षणं कुणाला दोषी ठरवायला अपुरी, तशीच निर्दोष ठरवायलाही अपुरी. पुरावा आपल्या बाजूचा असला की तो पुरेसा वाटायला लागतो, तेव्हा जास्त सावध राहायचं.

तपासण्याजोगं एक गृहीतक

मग मार्टिन यांच्या पद्धतीवर टीका करायचीच नाही का? करायची, पण तपासता येईल अशी.

त्यांच्या संघांची ओळख म्हणजे फलंदाजांचा संयम. बेसबॉलमध्ये पिचरचे चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर पडले आणि फलंदाजानं ते सोडले, की तो फुकटात पहिल्या बेसवर जातो. याला वॉक म्हणतात. फ्लोरिडा स्टेटचे फलंदाज चेंडू सोडण्यात तरबेज असायचे. नेहमीच्या हंगामात, मधल्या दर्जाच्या पिचरसमोर हे शस्त्र फार धारदार आहे, कारण तो पिचर चुका करतोच. आता ओमाहा. तिथे समोर देशातले सर्वात अचूक पिचर. ते पट्ट्याबाहेर कमी टाकतात. मग संयमाची किंमत घटते का?

हे गृहीतक मला 'दबाव झेपत नाही' पेक्षा शंभरपट आवडतं. कारण हे चुकीचं ठरू शकतं. चाचणी अशी: फ्लोरिडा स्टेटच्या वॉकचा दर हंगामात किती, ओमाहात किती, आणि घट किती. पण नुसती घट दाखवून भागणार नाही. चांगल्या पिचरसमोर सगळ्याच संघांची घट होते. त्यामुळे त्याच वर्षी ओमाहात आलेल्या बाकी सात संघांची घट मोजायची आणि मग दोन घटींमधला फरक बघायचा. तो शून्याच्या आसपास असेल तर गृहीतक सोडून द्यायचं. मोठा असेल तर मार्टिन यांच्यावर पहिल्यांदाच नेमकी, स्वभावाला हात न लावणारी टीका करता येईल: तुमची पद्धत पन्नास सामन्यांसाठी बांधलेली होती, शेवटच्या पाचांसाठी नाही.

टीका अशी हवी. माणसाच्या काळजात काय होतं हे आपल्याला मोजता येत नाही. त्यानं घेतलेले निर्णय मोजता येतात.

आणि हे तुमच्या उपयोगाचं कसं

तुमच्यापैकी पुष्कळ जण येत्या वर्षात गाइड निवडणार आहेत. तेव्हा हेच दोन आकडे वेगळ्या कपड्यांत समोर येतील. एका प्राध्यापकांचे दीडशे पेपर: हे २,०२९ झाले. लगेच विचारा, किती वर्षांत, किती जणांच्या प्रयोगशाळेतून, आणि त्यांच्या विषयात वर्षाला सरासरी किती पेपर होतात? दुसऱ्यांचा एक पेपर जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या जर्नलमध्ये: हे ओमाहाचं विजेतेपद. लगेच विचारा, असा पेपर होण्यात कामाचा वाटा किती आणि रिव्ह्यूअरच्या नशिबाचा किती?

आणि तिसरा प्रश्न विचारा, जो दोन्ही आकड्यांत नसतो: त्यांच्याकडून बाहेर पडलेले विद्यार्थी कुठे आहेत? मार्टिन यांच्याकडे बस्टर पोझी आला तो शॉर्टस्टॉप म्हणून. तिथे त्याला कॅचर केलं गेलं. २००८मध्ये त्याला देशातल्या सर्वोत्तम हौशी खेळाडूचा गोल्डन स्पाइक्स पुरस्कार मिळाला, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को जायंट्ससोबत तीन वर्ल्ड सिरीज. माइक फुएंटेस यांना १९८१मध्ये आणि जे. डी. ड्रू यांना १९९७मध्ये हाच पुरस्कार मिळाला, तेही मार्टिन यांच्याच संघातून. विजेतेपदाच्या रकान्यात हे कुठेच दिसत नाही. अर्थात इथेही तीच सावधगिरी: चमकलेले तिघे दाखवले म्हणून बाकीच्या शेकडो जणांचं काय झालं ते कळत नाही. प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर परदेशात गेलेल्या दोघांचे फोटो असतात. पीएचडी सोडून गेलेल्यांचे नसतात. त्यांच्याशी बोलणं जास्त गरजेचं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, 'शेवटचा घास हुकला' ही मार्टिन यांच्या कारकिर्दीची व्याख्या होऊ शकत नाही. सतरापैकी शून्य हा आकडा नशीब आणि किंचित उणीव, दोन्हींशी जुळतो. २,०२९ हा आकडा गुणवत्ता आणि दीर्घायुष्य, दोन्हींशी जुळतो. त्यातल्या त्यात सगळ्यात भरवशाचा आकडा मला चाळीसपैकी सतरा हाच वाटतो. तो दर आहे, बेरीज नाही. तो एका सामन्यावर उभा नाही. आणि त्यातला प्रत्येक 'एक' बाद फेऱ्या जिंकून मिळवलेला आहे. गंमत म्हणजे, ज्या सतराकडे बोट दाखवून त्यांना अपयशी म्हटलं जातं, तोच त्यांच्या बाजूचा सगळ्यात बळकट पुरावा आहे. बहुतेक कोचांना ओमाहात हरायची संधीच मिळत नाही.

पुढच्या वेळी कुणाच्या कामाचं वर्णन 'सगळं उत्तम, पण...' असं ऐकलंत, तर 'पण' नंतरचा आकडा कागदावर उतरवा. तो किती निरीक्षणांतून आला, कशाच्या तुलनेत आणि कुणी निवडला, हे त्याच्याखाली लिहा. तीन ओळींत उत्तर मिळालं नाही, तर तो 'पण' खोडून टाका.